सगळी पापं देवाजवळ खरंच सारखी असतात का?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. ख्रिस्ती घरातच वाढले, पाप हा शब्द लहानपणापासून इतक्या वेळा कानावर पडलाय की त्याचा नेमका अर्थ काय हे विचारायचंच राहून गेलं. मागे एका प्रवचनात ऐकलं की देवाच्या नजरेत लहान पाप मोठं पाप असं काही नसतं, खोटं बोललात काय नि खून केलात काय, पवित्र देवापुढे दोन्ही सारखंच. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. सारखंच असेल तर ज्या आईचं लेकरू कोणी मारलंय तिच्यापुढे हे वाक्य बोलायची कोणाची हिंमत होईल? आणि सारखं नसेल तर मग माझ्यासारखी माणसं आपलं तर छोटंच आहे म्हणून आयुष्यभर निवांत बसतील, तेही बरोबर वाटत नाही. वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

मीठ_आणि_दिवा
चांगला धागा ताई. उत्तराआधी थोडं शब्दाबद्दल, कारण आपण मराठीत सगळ्यालाच पाप म्हणतो आणि तिथेच गडबड होते. जुन्या करारात हिब्रूमध्ये यासाठी मुख्य तीन शब्द येतात. एक 'हाता', म्हणजे नेम चुकणं. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांचं वर्णन आहे, केसावर नेम धरला तरी चुकायचे नाहीत, तिथे 'चुकणं' याला जे क्रियापद आहे तेच पाप करण्याला आहे. दुसरा 'आवोन', वाकडेपणा, आणि त्या वाकडेपणाचं मागे उरणारं ओझंसुद्धा. तिसरा 'पेशा', हा सगळ्यात जड, म्हणजे बंड, ज्याच्याशी करार आहे त्याच्याविरुद्ध उठणं. ५१ व्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच दावीद राजा हे तिन्ही शब्द लागोपाठ वापरतो, जणू एका शब्दात मावतच नाहीये त्याचं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'हमार्तिया', तोही नेम चुकण्यातलाच. रोम ३:२३ मराठीत वाचा, 'सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत'. त्यातलं 'उणे पडणं' मला फार नेमकं वाटतं.
अजून एक. एदेन बागेच्या गोष्टीत, उत्पत्ति ३ मध्ये, पाप हा शब्द कुठेच नाही. तो पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, भावाभावांच्या गोष्टीत. काइन हाबेलावर जळतोय आणि देव त्याला सांगतो की पाप दाराशी टपून बसलंय, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालव. दबा धरलेल्या जनावराचं चित्र आहे ते, आणि हे सगळं खून व्हायच्या आधी! हात उचलायच्या आधीच पाप दारात आहे.

दूरची_घंटा
मी कॅथलिक आहे, आमच्याकडे 'सगळी पापं सारखी' ही शिकवण नाही. मरणास नेणारं पाप आणि हलकं पाप असा फरक धर्मशिक्षणात पहिल्यापासून शिकवतात. त्याला आधार १ योहान ५:१६-१७, तिथे सरळ म्हटलंय की मरणास नेणारं पाप असतं आणि मरणास न नेणारंही असतं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तीन अटी दिल्यात, बाब गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाण पाहिजे आणि स्वतःच्या मनाने ठरवून केलेली पाहिजे, तिन्ही एकत्र असतील तरच ते पाप माणसाला देवापासून तोडतं. भीतीपोटी, दबावाखाली, अजाणता झालं तर दोष कमी होतो. हा फरक मोशेच्या नियमशास्त्रातच आहे, गणना १५ बघा, चुकून घडलेल्याला अर्पण आहे, पण उगारलेल्या हाताने म्हणजे जाणूनबुजून उद्दामपणे केलेल्याला तिथे वेगळंच सांगितलंय.
आणि हलकं म्हणजे चालतंय असा अर्थ घेऊ नका. हलक्या पापांनी प्रेम तुटत नाही पण थंडावत जातं.

निरांजन२
घंटाताई, तुमचा आदर ठेवून लिहितो, पण आम्हा प्रोटेस्टंट लोकांना ही विभागणी पटत नाही त्याला कारण आहे. याकोब २:१० म्हणतं सगळं नियमशास्त्र पाळलं आणि एका बाबतीत चुकला तर तो सगळ्यांविषयी दोषी. रोम ६:२३ म्हणतं पापाचे वेतन मरण, त्यात मोठ्या पापाचं असं लिहिलेलं नाही. (तो वेतन शब्दसुद्धा ग्रीकमध्ये शिपायाच्या पगाराचा आहे, म्हणजे ज्याची चाकरी कराल तो पगार देईल.) आणि डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने राग खुनाच्या रांगेत बसवला, वाईट नजर व्यभिचाराच्या रांगेत. पापं मोजायला बसलं की माणूस स्वतःच्या बाजूनेच मोजतो, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करायचा तरी काहीतरी राहिलं असेल या धास्तीत जगायचा. शेवटी त्याच्या लक्षात आलं की आजार सुट्या सुट्या पापांपेक्षा खोल आहे. रोमकरांस पत्रावर त्याने १५१५-१६ मध्ये व्याख्यानं दिली, त्यात तो म्हणतो की माणूस स्वतःकडेच वाकलेला आहे, देवाची दानंसुद्धा तो स्वतःकडेच वळवून घेतो. झाडच वाकडं असेल तर कुठली फांदी किती वाकडी हे मोजून काय मिळणार.

जुनी_शाई
निरांजन, याकोब २:१० वरून हा वाद फार जुना आहे. सगळे अपराध सारखे हे मत मुळात प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांचं. हेच वचन घेऊन चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या बिशपने बायबलचा भाषांतरकार जेरोम याला पत्र लिहिलं होतं आणि त्यात स्टोइकांचं मत नाकारलं होतं. त्याचा विचार असा की सगळं नियमशास्त्र प्रीतीवर टांगलेलं आहे, म्हणून जो कुठेही प्रीतीविरुद्ध वागतो तो त्या सगळ्याच्या मुळाशी अपराधी होतो, पण कमी-जास्त राहतंच, जितकी प्रीती उणी तितकं पाप जास्त. स्वतः प्रभू रोमी सुभेदार पिलाताला सांगतो की ज्याने मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप अधिक आहे (योहान १९:११). त्याची कामं पाहूनही न बदललेल्या गावांपेक्षा सोर आणि सिदोन या परक्या शहरांना न्यायाच्या दिवशी जास्त सोपं जाईल म्हणतो. लूक १२ मध्ये धन्याची इच्छा माहीत असलेल्या नोकराला जास्त फटके, माहीत नसलेल्याला थोडे. नियम काटेकोर पाळणाऱ्या परूश्यांना म्हणतो पुदिन्या-जिऱ्याचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास या नियमशास्त्रातल्या वजनदार गोष्टी सोडता. वजनदार! म्हणजे वजनं वेगवेगळी आहेत.
तेव्हा ताईंनी ऐकलेल्या प्रवचनात दोन गोष्टी एकत्र झाल्या असं मला वाटतं. प्रत्येक पाप देवापासून दूर नेतं, हे खरं. प्रत्येक पाप तितकंच दूर नेतं, हे शास्त्रात नाही.

निरांजन२
मान्य. परिणाम आणि दोष कमी-जास्त असतात हे आमच्याकडचेही मानतात, वेस्टमिन्स्टरच्या जुन्या प्रोटेस्टंट प्रश्नोत्तरीत तर याच विषयावर वेगळा प्रश्न आहे की सगळी पापं सारखीच घोर आहेत का, आणि उत्तर नाही असंच आहे. मी घाईत लिहिलं. माझा मुद्दा इतकाच की कुठलंही पाप इतकं लहान नाही की त्याला कृपेची गरज पडू नये.

वाटसरू_७
मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे पाप-पुण्याचा हिशोब असतो, पाप केलं की भोगावं लागतं, या जन्मी नाहीतर पुढच्या. तुमच्याकडेही तसंच का? कोणावर संकट आलं तर त्याचं पाप असं म्हणता का? आणि दुसरं, नुकतं जन्मलेलं बाळ पापी असतं म्हणतात ते तर मला अजिबातच झेपत नाही.

मीठ_आणि_दिवा
राग कसला, विचाराच. पहिल्याचं उत्तर खुद्द येशूने दिलंय. लूक १३ मध्ये शिलोहचा बुरूज पडून १८ माणसं मेली त्याचा उल्लेख आहे आणि तो लोकांनाच विचारतो, ती माणसं यरुशलेमेत राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? मी सांगतो, नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तो म्हणतो याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. तेव्हा एखाद्याच्या आजारपणावर बोट ठेवून तुझं पाप म्हणणारा ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताच्याच विरुद्ध बोलतो. मला हे जरा कळकळीने लिहावं लागतंय कारण आमच्या घरातल्या एका आजारी माणसाला भेटायला आलेल्यांनी हेच ऐकवलं होतं, आणि ते माणूस शेवटपर्यंत तेच घेऊन झुरलं.
हिशोबाबद्दल म्हणाल तर पुण्याची बाजू भरून पापाची बाजू फेडता येते असं आम्ही मानत नाही. चांगलं केलं म्हणून वाईट केलेलं वजा होत नाही.

जुनी_शाई
बाळाच्या प्रश्नावर थोडं लांब लिहितो, कारण इथे ख्रिस्ती लोकांचंही एकमत नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही.
पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा एक साधू शिकवत होता की आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं, माणूस मनात आणलं तर पाप न करता जगू शकतो. ऑगस्टीनने याला कडाडून विरोध केला. त्याचं स्वतःचं आयुष्य त्याच्यापुढे होतं, सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने रात्री दुसऱ्याच्या झाडाची पेअर चोरली होती, भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. चाळिशी ओलांडल्यावरही तो त्या फळांवर पानंच्या पानं लिहितो कारण त्याला उत्तर हवं होतं की मी ते का केलं. त्याला सापडलेलं उत्तर भयंकर आहे, ते वाईट होतं म्हणूनच आवडलं, आणि एकटा असतो तर केलं नसतं. ४१८ च्या कार्थेजच्या सभेने पेलाजियसची शिकवण नाकारली.
आता वादाचा भाग. रोम ५:१२ च्या लॅटिन भाषांतरात 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले' असं होतं, म्हणजे सगळी माणसं आदामातच दोषी. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा लागतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ग्रीकच वाचत होत्या, त्यांनी आदामाचा दोष वारशाने येतो असं सहसा मानलं नाही, वारशाने येतं ते मरण आणि मोडकी प्रकृती. त्यांच्याकडे पाप हे मुख्यतः दुखणं आहे आणि मंडळी म्हणजे दवाखाना. यहेज्केल १८ मध्येही आहेच की मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही.
पश्चिमेकडे मूळ पाप म्हणतात, आपल्या मराठी मंडळ्यांत जन्मपाप आणि कर्मपाप असे शब्द चालतात, पण तिथेही बाळाने काही केलंय असं कोणी म्हणत नाही. कॅथलिक शिकवणीत त्याला पाप म्हणतात ते वेगळ्या अर्थाने, केलेलं नव्हे, लाभलेलं. वाटसरू, आपण सगळे आधीच बिघडलेल्या घरात जन्माला येतो इतपत तरी तुम्हाला पटेल असं वाटतं.

वाटसरू_७
हे पटतंय. बिघडलेल्या घरात जन्माला येणं कळतं मला. धन्यवाद, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं.

गव्हाचा_दाणा
पापाच्या गंभीरपणाबद्दल कोणीच कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याचं नाव काढलं नाही अजून. १०९८ मध्ये त्याने देव मनुष्य का झाला यावर संवादरूपात लिहिलं, त्यात शिष्य बोसो विचारतो की देवाने नुसती क्षमा करून टाकली तर काय बिघडलं, नुसत्या पश्चात्तापाने पाप का पुसलं जाऊ नये, आणि अन्सेल्म म्हणतो, पापाचं वजन किती हे तू अजून लक्षातच घेतलेलं नाहीस. मग उदाहरण देतो. समजा तू देवासमोर उभा आहेस, एकजण म्हणतो तिकडे बघ, देव म्हणतो बघू नकोस. सगळी सृष्टी नष्ट होणार असेल तरी देवाच्या इच्छेविरुद्ध ती एक नजर टाकशील का? बोसोला कबूल करावं लागतं की टाकू नये. एका नजरेचं वजन अख्ख्या सृष्टीपेक्षा जास्त, कारण ती कोणाच्या विरुद्ध आहे ते बघायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

वाटसरू_७
हे मात्र मला जड जातंय. असा देव मानापमान धरून बसणाऱ्या राजासारखा वाटतो. माझ्या एका नजरेने त्याचं काय जातं?

मीठ_आणि_दिवा
वाटसरू, ही शंका आमच्यातल्याही अनेकांना आहे, अन्सेल्मच्या काळात सरदार, मानमरातब, वचन हीच भाषा होती आणि त्याने तीच वापरली असं म्हणतात. मला स्वतःला लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतून जास्त कळतं. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. त्यात किती पैसे गेले हा मुद्दाच नाही, बापाला तो काय सांगत होता ते बघा, तू नसलास तरी चालेल, तुझं आहे ते दे. घरातल्या माणसाचा अपमान आणि परक्याचा अपमान यात फरक असतो ना, तसं. आणि थोरला बघा, तो कधी घर सोडून गेला नाही, एक आज्ञा मोडली नाही, तरी गोष्ट संपते तेव्हा तो घराबाहेर उभा आहे आणि भावाला भाऊ म्हणायला तयार नाही, 'हा तुझा मुलगा' म्हणतो. एकही नियम न मोडता पाप करता येतं ते असं. देवाचं काय जातं विचारलंत तर त्या बापाचं काय गेलं ते विचारा.

कोरी_पाटी
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. मी पहिल्या पोस्टमध्ये पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. वाचतेय तसतसं ते जास्त टोचायला लागलं म्हणून आता लिहिते.
बाबा गेले त्याच्या काही महिने आधी, मी एकटीच त्यांच्याजवळ होते, तेव्हा त्यांनी एका ठेवीबद्दल सांगितलं होतं की ती भावाला दे, त्याच्या शिक्षणाच्या वेळी मी त्याला काही देऊ शकलो नाही. कागद काही नव्हता, कागदावर ठेव माझ्याच नावाने होती. ते गेल्यावर कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं एक अक्षर बोलले नाही हो, म्हणूनच इतकी वर्षं मनाला समजावू शकले, आणि तेव्हा मला खरंच गरज होती. भाऊ चांगला आहे, आमचं बोलणं आहे, आणि तेच जास्त त्रास देतं. देवाजवळ शंभर वेळा कबूल केलंय, रडून केलंय. तरी जात नाही. म्हणून विचारत होते की लहान की मोठं.

निरांजन२
ताई, लिहिलंत हे सोपं नव्हतं. पण तुम्ही देवाजवळ मनापासून कबूल केलंय ना, मग १ योहान १:९ धरून ठेवा, आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करील. दावीदही म्हणतो तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. देवाने पुसलेलं तुम्ही पुन्हा पुन्हा का उकरता?

गव्हाचा_दाणा
निरांजन, क्षमेबद्दल तुझं खरं आहे, पण ते दावीदाचं वचन असं वापरू नकोस रे. त्या वचनाने मला अनेक वर्षं छळलंय. बथशेबेला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं, आणि म्हणतो केवळ तुझ्याविरुद्ध? उरीया कुठे गेला मग? आता मी ते असं वाचतो. राजा होता तो, देशात त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता, उरीयाचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. संदेष्टा नाथान येतो आणि गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो, दावीद संतापतो, चौपट भरून द्यायला लावा म्हणतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच. म्हणजे उरीयाचं दुःख स्वतःचं मानून जाब विचारायला देव उभा राहिला. केवळ तुझ्याविरुद्ध म्हणजे उरीयाविरुद्धचं पाप कमी झालं असं नव्हे, ते थेट देवापर्यंत पोचलं. तेव्हा देवाशी मिटलं म्हणून भावाशी मिटवायची गरज नाही असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

दूरची_घंटा
कोरीताई, माझ्या मनात तुमच्याबद्दल फक्त माया आहे हे आधी सांगते. आमच्याकडे पापनिवेदनात क्षमा मिळते, पण फादर हेही सांगतात की ज्याचं घेतलं त्याला परत करायचं, पापक्षमेने पाप जातं पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. हे नवीन नाही, गणना ५:७ मध्येच आहे, पाप कबूल करायचं, घेतलेलं पूर्ण भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. जकातदार जक्कयला कोणी मागितलं नव्हतं तरी तो उभा राहून म्हणाला ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो, आणि प्रभू म्हणाला आज या घराला तारण झालं आहे. मत्तय ५:२३-२४ तर तुम्हाला पाठच असेल, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी भावाकडे जा.
शंभर वेळा कबूल करून जात नाही म्हणता, ते कदाचित म्हणूनच. तुम्ही वेदीपाशीच उभ्या आहात.

कोरी_पाटी
पण त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नाहीये. त्याला माहीतच नाही.
आणि मी प्रामाणिकपणे विचारते, त्याला आत्ता सांगून फक्त मला हलकं वाटेल आणि त्याचं बहिणीवरचं प्रेम मोडेल असं झालं तर? हा पण स्वार्थच ना?

जुनी_शाई
प्रश्न खरा आहे. काही कबुल्या फक्त स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्यासाठी असतात, त्या करू नयेत असं मलाही वाटतं. पण इथे त्याची वस्तू तुमच्याकडे आहे. वडिलांनी त्याला द्यायला सांगितलेलं धन आणि मला वाटतं त्याहून मोठं म्हणजे वडिलांचं ते वाक्य. मी तुला काही देऊ शकलो नाही ही बापाची खंत त्याच्या मुलापर्यंत पोचलेलीच नाही. तुम्ही पैशांपेक्षा ते जास्त अडवून ठेवलंय. कठोर लिहिलं असेल तर माफ करा.
आणि खोटं बोलले नाही याबद्दल, याकोब ४:१७, चांगलं काय ते कळत असून जो करत नाही त्याला ते पाप आहे. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी दोषी ठरून डाव्या बाजूला उभ्या असलेल्यांनी कोणाला मारलं, लुटलं असं तिथे म्हटलेलं नाही. खायला दिलं नाही, भेटायला गेले नाहीत, एवढंच.

गव्हाचा_दाणा
प्रभूच्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो बघा, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड'. येशूच्या अरामी बोलीत पाप आणि कर्ज याला एकच शब्द होता. मत्तय १८ मधला चाकर १०,००० तालांत देणं लागत होता, एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, कोणी कितीही जन्म राबला तरी फिटणार नाही, आणि राजाने ते सोडलं. मग त्याच्या सोबत्याचे १०० दिनार. शंभर दिवसांची मजुरी, तीही काही थोडी नाही, पण फिटण्यासारखी. ताई, देवाचं तुम्हाला फेडता येणार नाही, ते त्याने सोडलंय. भावाचं फेडता येण्यासारखं आहे.

सांजवेळ
मी फक्त वाचत होतो, एक विचारू का. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने पण पैसे परत केले होते ना, ३० रुपये मंदिरात फेकून दिले, मी निर्दोष रक्त धरून दिलं असं कबूलही केलं. तरी त्याचं काय झालं. मला नेहमी भीती वाटते की आपला पश्चात्ताप तसला निघाला तर. क्षमाच होणार नाही असं पाप असतं म्हणतात, ते आपल्या हातून कधीतरी झालं असेल तर.

मीठ_आणि_दिवा
सांजवेळ, ते अक्षम्य पाप मार्क ३ मध्ये आहे आणि कोणाला उद्देशून आहे ते बघ, डोळ्यांसमोर माणसं बरी होताना पाहून हे सैतानाचं काम आहे म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. ज्याला आपण देवापासून तुटलो असू या विचाराने झोप लागत नाही त्याचं मन तसं घट्ट झालेलं नाही, घट्ट झालेल्या मनाला ही भीतीच वाटत नाही. जुने पाळक पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आलेत. भीती रोजचीच झाली असेल तर कोणाशी तरी समोर बसून बोल, पाळक असोत, डॉक्टर असोत, एकटा राहू नकोस.
यहूदाबद्दल. तो कोणाकडे गेला ते बघ. याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? मग तो एकटाच निघून गेला. येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर मी त्याला ओळखत नाही म्हणून येशूला तीनदा नाकारलं होतं, तेही अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव असा दोनदाच येतो, एकदा त्या अंगणात आणि एकदा पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर, तिथे येशू त्याच्यासाठी मासे भाजत बसलाय आणि तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. पेत्राला तिसऱ्यांदा वाईट वाटलं असं लिहिलंय. पाप विसरायला लावलं नाही त्याला, पुन्हा त्याच विस्तवापाशी आणून बसवलं, पण समोर कोण बसलंय बघ.

सांजवेळ
हे मला माहीत नव्हतं विस्तवाचं. थँक्यू.

निरांजन२
कोरीताई, मी वर घाईघाईने धीर द्यायला गेलो, माझी चूक झाली. बोनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्येच स्वस्त कृपेबद्दल लिहून ठेवलंय, पापी बदलत नाही आणि पापालाच सूट मिळते ती कृपा. मी तुम्हाला तसलं काहीतरी देत होतो. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय, रोज.

कोरी_पाटी
चार दिवस लिहिलं नाही. लूक १२ मधला तो माणूस आठवत होता, गुरुजी माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा म्हणणारा. प्रभू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? मी लहानपणापासून त्यातल्या हावरट भावाबद्दल प्रवचनं ऐकली. न बोलणारी बहीण त्यात कुठे आहे ते पहिल्यांदाच शोधलं.
लहान की मोठं हे विचारणं सोडलंय मी.
ठेवीची रक्कम आणि आजपर्यंतचं व्याज काढलं, वर पाचवा हिस्सा धरला. एकदम जमणार नाही, तीन हप्त्यांत जमेल. काल रात्री भावाला फोन केला, त्याने उचलला नाही, म्हणून मेसेज लिहिला. आधी बाबांचं वाक्य, जसंच्या तसं, जसं ते बोलले होते. मग मी काय केलं ते. मला गरज होती वगैरे लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी काढून टाकलं.
त्याने वाचलाय. सकाळी सातला वाचलाय असं दिसतंय. अजून उत्तर नाही.

दूरची_घंटा
आम्ही आहोत इथे. उत्तर आलं तरी लिहा, नाही आलं तरी लिहा.